जुना दगडी पूल कशावर उभा असतो?

९ जुलै २०२५. सकाळची वेळ. बडोदा जिल्ह्याच्या पादरा तालुक्यात मही नदीवरचा गंभीरा पूल मध्येच तुटला आणि चालती वाहनं नदीत पडली. वीसहून कमी नाहीत इतकी माणसं गेली. पूल १९८५ चा, म्हणजे वय जेमतेम चाळीस. काठावर अर्धवट लोंबकळत राहिलेल्या टँकरचा फोटो सगळ्यांनीच मोबाइलवर पाहिला असेल.

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या छाणीत, जकात नाक्यावर, रिक्षात, दुकानात एकच वाक्य ऐकू येत होतं. गुजरातीत, मराठीत, हिंदीत, पण वाक्य एकच. "जुन्या लोकांचे दगडी पूल बघा, तीनतीनशे वर्षं हलत नाहीत. आणि हे आपले सिमेंटचे!" ऐकायला पटतं. आपल्याकडे 'जुनं ते सोनं' म्हणायला फारसा पुरावा लागत नाही. पण वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी निदान एक वाक्य तरी तपासून बघावं, म्हणून हा लेख. जुना दगडी पूल खरंच टिकतो का? टिकत असेल तर कशामुळे? आणि पडतो तेव्हा कशामुळे?

मुळात पूल होतेच किती?

छाणी हे बडोद्याच्या उत्तरेचं गाव, आता शहरातच मिसळून गेलेलं. इथून पुढे रस्ता वासदकडे, महीकडे आणि मग आणंदकडे जातो. शहराकडे वळलात की विश्वामित्री येते. आज या दोन्ही नद्या आपण बसमध्ये मोबाइल बघत ओलांडतो, नदी आली कधी आणि गेली कधी हेही कळत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी नदी ओलांडणं हे प्रवासातलं मोठं काम होतं.

आपल्या पश्चिमेकडच्या बहुतेक नद्या आठ महिने अंग चोरून वाहतात आणि चार महिने कोणाला जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे लोकांनी सोय पुलाची न करता वेळेची केली. पाणी ओसरलं की उताराच्या जागेवरून पायी किंवा गाडीनं नदी ओलांडायची. पाणी जास्त असेल तर नाव. पावसाळ्यात प्रवासच करायचा नाही. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, त्यामागे ही साधी गोष्ट होती. पाऊस संपल्याशिवाय घोडे, तोफा आणि बाजारबुणगे नदीपार न्यायचे कसे? चातुर्मासात एका जागी राहण्याची साधूंची आणि जैन मुनींची रीतही याच हवामानात रुजली.

म्हणजे पूल ही चैन होती. जिथे पावसाळ्यातही थांबून चालणार नाही, अशाच जागी तो बांधला जायचा. एखादं मोठं शहर, एखादी राजधानी, एखादा किल्ला. जौनपूरचा शाही पूल सोळाव्या शतकात अकबराच्या काळात बांधला गेला. हैदराबादचा पुराना पूल १५७८ चा, तो गोवळकोंड्याला मुसीच्या पलीकडच्या काठाशी जोडत होता. गोव्यात पोर्तुगीजांनी पणजी ते रायबंदर असा दलदलीतून जाणारा तीन किलोमीटरहून लांब दगडी बांध-पूल १६३० च्या दशकात बांधला. तो अजून वापरात आहे. पुण्यात पेशव्यांनी १७६१ साली, म्हणजे पानिपतच्याच वर्षी, मुठेवर पूल बांधला तो लाकडाचा. पुढे त्याची जागा दगडी पुलानं घेतली, तरी नाव 'लकडी पूल' असंच राहिलं. दगडाला लाकूड म्हणायची ताकद फक्त पुणेकरांत!

फोर्ब्सनं पाहिलेला पूल

बडोद्यात मात्र असा एक पूल होता. जेम्स फोर्ब्स हा इंग्रज १७६५ साली वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईला आला. १७७५ मध्ये रघुनाथरावांच्या मदतीला गुजरातेत आलेल्या इंग्रजी फौजेबरोबर तो होता, आणि पुढे काही वर्षं डभोईला कंपनीचा अधिकारी म्हणून राहिला. तो उत्तम चित्रकार होता आणि दिसेल ते लिहून ठेवणारा होता. 'ओरिएंटल मेमॉयर्स' या नावानं त्याच्या आठवणी १८१३ मध्ये लंडनहून निघाल्या. त्यात बडोद्याजवळच्या विश्वामित्रीवरच्या दगडी पुलाची नोंद आहे. पुलाला कमानींच्या दोन रांगा होत्या, एकीवर एक. आणि हिंदुस्थानात आपण पाहिलेला हा एकमेव पूल, असं तो म्हणतो.

या नोंदीतून दोन गोष्टी कळतात. फोर्ब्सचं हिंदुस्थान म्हणजे मुख्यतः मुंबई, कोकण, केरळचा किनारा आणि गुजरात. त्यामुळे जौनपूर आणि हैदराबाद त्याच्या हिशोबात नव्हतं. तरीही, जवळजवळ वीस वर्षं या किनाऱ्यावर वावरलेल्या माणसाला एकच पूल दिसावा, यावरून पूल किती दुर्मीळ होते याचा अंदाज येतो. पुढच्या शंभरेक वर्षांत चित्र बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये बडोद्याला विश्वामित्रीवर आणि तिच्या फाट्यांवर मिळून चार दगडी पूल मोजलेले आहेत.

आता प्रश्न असा, की कमानींच्या दोन रांगा कशासाठी? शोभेसाठी? विश्वामित्री पाहिलेल्यांना याचं उत्तर सुचू शकेल. ही नदी रुंद नाही, खोल आहे. पावागढाच्या डोंगरातून निघते आणि मऊ मातीत खोल चर पाडत शहरातून वळणं घेत जाते. दोन्हीकडचे काठ उंच. उन्हाळ्यात तळाशी थोडंसं पाणी आणि काठावर ऊन खात पडलेल्या मगरी. अशा नदीवर काठाच्या पातळीला पूल न्यायचा तर खांब फार उंच लागतात. दगडाचा उंच आणि बारीक खांब बाजूच्या रेट्यानं कलंडू शकतो. मग दोन खांबांच्या मध्ये, निम्म्या उंचीवर, आणखी एक कमान घालायची. ती कमान दोन्ही खांबांना धरून ठेवते, जसं शिडीच्या दोन उभ्या बांबूंना मधली पायरी धरून ठेवते तसं. रोमन लोकांनी फ्रान्समधल्या पों द्यु गार या जलवाहिनीत हेच केलं, तिथे कमानींच्या तीन रांगा आहेत आणि उंची सुमारे ४९ मीटर. बडोद्याच्या गवंड्यानं रोमचं नावही ऐकलं नसेल. पण खोल नदी आणि दगड या दोन गोष्टी हातात आल्या, की शहाणा गवंडी जवळपास त्याच उत्तरावर येतो.

कमान म्हणजे नक्की काय?

दगडाचा एक स्वभाव आहे. त्याला दाबलं तर तो कितीही सोसतो, पण ताणलं किंवा वाकवलं की चटकन तुटतो. लांब दगडी तुळई दोन खांबांवर आडवी ठेवा. वजन आलं की ती किंचित वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि तडा जातो तो खालच्या बाजूनं. म्हणून जुन्या देवळांच्या मंडपात खांब एवढे जवळजवळ असतात. दगडी तुळईच्या लांबीला मर्यादाच आहे.

कमानीनं हा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सोडवला. कमानीतले दगड पाचरीसारखे घडवलेले असतात, वर रुंद आणि खाली निमुळते. वरून भार आला की प्रत्येक दगड खाली घसरायला बघतो, पण शेजारचे दोन दगड त्याला आवळून धरतात. तो आपला भार शेजाऱ्याला देतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, असं करत भार खांबापर्यंत आणि शेवटी जमिनीत जातो. या सगळ्या प्रवासात दगड फक्त दाबला जातो, ताणला जात नाही. म्हणजे दगडाला जे येतं तेवढंच काम कमान त्याला देते.

पण सगळे दगड जागेवर येईपर्यंत कमान उभीच राहू शकत नाही. म्हणून आधी खाली लाकडाचा साचा उभा करतात, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणतात आणि शेवटी माथ्यावरचा मधला दगड ठोकून बसवतात. मग साचा काढायचा. तो क्षण परीक्षेचा. कमान कणभर खाली बसते, दगड एकमेकांना घट्ट धरतात, आणि मग ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

कमानीचा एक दोष आहे. ती नुसती खाली नाही, बाजूलाही रेटते. तिचे दोन्ही पाय सतत बाहेर सरकायला बघतात. मधल्या खांबांवर दोन्हीकडच्या कमानींचे रेटे एकमेकांना मारतात, त्यामुळे तिथे फिटंफाट होते. शेवटच्या कमानीचा रेटा मात्र काठाला घ्यावा लागतो, म्हणून दोन्ही टोकांना भरभक्कम बांधकाम करतात. गुजरातच्या सुलतानी इमारतींत दिसते तशी टोकदार कमान इथे उपयोगी पडते. कमान जितकी उंच आणि टोकदार, तितका तिचा बाजूचा रेटा कमी.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. एक कमान गेली तर शेजारच्या कमानीचा रेटा अडवायला कोणी उरत नाही. मग तिचा खांब सरकतो आणि तीही जाते, मग पुढची. कमानीच्या पुलात सगळे एकमेकांच्या जिवावर उभे असतात.

आता वजनाचा हिशोब करू. समजा, पुलाचा १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर जाड असा तुकडा आहे. म्हणजे १६० घनमीटर दगडकाम. घनमीटरला अडीच टन धरले तर ४०० टन. त्यावरून २५ टनांचा भरलेला ट्रक गेला तर भारात वाढ किती? सोळावा हिस्सा. बैलगाडीसाठी बांधलेला पूल ट्रक का सोसतो, त्याचं हे उत्तर. पूल रात्रंदिवस स्वतःचंच वजन इतकं वाहत असतो, की पाहुण्याचं वजन त्याला फारसं जाणवत नाही. काँक्रीटचा पूल याच्या उलट. तो हलका आणि सडपातळ असतो, आणि ताण सोसायचं काम त्याच्या पोटातल्या लोखंडी सळया करतात. सळईपर्यंत पाणी पोचलं की ती गंजते, गंजली की फुगते, फुगली की भोवतीचं काँक्रीट फोडते. गंभीरा पुलाच्या प्राथमिक पाहणीत आधाराचा आणि सांध्याचा भाग चिरडल्याचं पुढे आलं. दगडी पुलात गंजायला सळई नसते, एवढा भाग लोकांच्या बोलण्यात खरा आहे.

दगडांच्या मधला चुना

दगडाइतकंच श्रेय चुन्याचं आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळल्यासारखा फसफसतो आणि फुटतो. त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून बैल जुंपलेल्या घाणीत तासन्‌तास मळायचं. कुठे त्यात गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी. गावागावाच्या गवंड्यांची आपापली कृती असे. नुसता चुना पाण्याखाली घट्ट होत नाही, सुरखी पडली की होतो. नदीतल्या बांधकामात सुरखी लागते ती यासाठी.

चुन्याचा गुण असा, की तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होत जातो. आणि पूर्ण दगड होईपर्यंत थोडा मऊ राहतो. पूल उन्हानं फुगला, थंडीनं आकसला, खांब केसभर खाली बसला, तरी चुना ते सांभाळून घेतो. बारीक भेगेत पाणी झिरपलं तर चुना विरघळून पुन्हा तिथेच बसतो आणि भेग बुजते. आजकाल जुन्या बांधकामाच्या दरजा सिमेंटनं भरण्याची पद्धत आहे. दिसायला चकाचक दिसतं. पण सिमेंट ताठर असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही. आतली ओल मग दगडातून वाट काढते आणि दगडाच्या कडा झडायला लागतात. दुरुस्ती केली या समाधानात नुकसान होतं ते असं.

खडक आणि गाळ

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाया. इथे थोडं सह्याद्रीत जाऊ.

सातारा जिल्ह्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी पार नावाचं छोटं गाव आहे. रामवरदायिनीचं देऊळ आहे ते. तिथे कोयनेवर कमानींचा दगडी पूल आहे आणि तो शिवकालीन म्हणून ओळखला जातो. त्यावरून आजही गाड्या जातात. १६५६ च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्यानंतर प्रतापगड बांधायला घेतला. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाची भेट झाली ती याच गडाच्या पायथ्याशी. देशावरून पार घाटानं कोकणात उतरणारी जुनी वाट इथूनच जाते. गड, घाट आणि बाजारपेठ यांच्यामध्ये कोयना, आणि वर महाबळेश्वरचा पाऊस. बडोद्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे साडेपाच हजारांच्या वर. चार महिने ती वाट बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एवढ्याशा गावात पूल.

पारच्या पुलाला एक मोठी देणगी होती, ती म्हणजे काळा कातळ. सह्याद्रीतल्या नद्या बेसाल्टच्या खडकावरून वाहतात. खांबाचा पहिला थर थेट त्या खडकात बसवला की पाणी त्याखालचं काही सहजासहजी नेऊ शकत नाही. दगडही तिथलाच, आणणावळ नाही.

छाणीत मात्र खणत जा, मातीच लागते. नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, मऊ आणि खोल. म्हणून या मैदानी मुलुखात दगड लांबून आणावा लागतो, आणि पाया हा डोकेदुखीचा विषय होतो. यावर आपल्या देशात एक सुंदर युक्ती निघाली, विहिरीचा पाया. नदीच्या पात्रात गोल कड्यावर विटा-दगडांची विहीर बांधायची, आणि आतली माती उपसत राहायची. विहीर स्वतःच्या वजनानं खाली उतरत जाते. वरून बांधत जायचं, खालून उपसत जायचं. घट्ट थर लागला की आत दगड-चुना भरून टाकायचा आणि त्यावर खांब उभा करायचा. ताजमहालाचा नदीकडचा भाग अशाच विहिरींवर उभा आहे, आणि पुढे इंग्रज इंजिनिअरांनी गंगा-यमुनेवरचे रेल्वेपूल बांधताना हीच रीत उचलली.

दोन बहिणी, दोन पूल

महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्या एका ठिकाणी उगम पावतात असं मानतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. कोयनेवरचा पारचा पूल उभा आहे. तिची बहीण सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते, आणि महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावर तिच्यावरही दगडी कमानींचाच पूल होता, १९२८ चा, इंग्रजांच्या काळातला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात आणि काळोखात, तो गेला. दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी थेट नदीत. सुमारे ४० माणसं त्यात गेली. शेजारी बांधलेला नवा पूल मात्र जागेवर होता.

छाणीच्या नाक्यावरच्या त्या वाक्याला इथे धक्का बसतो. महाडचा पूलही दगडीच होता. कमानही होती. आणि शेजारचा सिमेंटचा पूल टिकला. तेव्हा 'दगड चांगला, सिमेंट वाईट' हा हिशोब बरोबर नाही. मग कोणता बरोबर?

त्या दुर्घटनेनंतर सरकारनं सांगितलं होतं, की त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. अनेकांना हे ऐकून संताप आला. त्या तपासणीत नेमकं काय झालं याचा न्याय मी इथे करत नाही. पण मे महिन्यातल्या तपासणीबद्दल एक गोष्ट सगळ्यांनाच माहीत असायला हवी.

वाहतं पाणी खांबाला आपटतं तेव्हा ते दोन्ही बाजूंनी वळून जातं, आणि काही पाणी खांबाच्या तोंडाशी खाली सूर मारतं. तिथे भोवरे होतात. हे भोवरे खांबाच्या पायथ्याची वाळू उपसून खड्डा करतात. पुराचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद दुपटीहून कितीतरी जास्त वाढते. खड्डा पायाच्या खाली गेला की खांब अधांतरी. मग दगड कितीही उत्तम असो, कमान कितीही देखणी असो, काही उपयोग नाही. खांबाची पाण्याकडची बाजू होडीच्या नाळेसारखी टोकदार करतात ती पाणी कापलं जावं आणि हे भोवरे कमी व्हावेत म्हणून.

आणि गंमत पुढेच आहे. पूर ओसरायला लागला, पाण्याचा वेग कमी झाला, की त्याच पाण्यातली वाळू आणि गाळ त्या खड्ड्यात येऊन बसतो. खड्डा भरतो. मे महिन्यात तुम्ही कोरड्या पात्रात जाऊन बघाल तर खांबाभोवती सपाट वाळू दिसेल. सगळं ठीक. पण ती सैल वाळू आहे, पुढच्या पुराच्या पहिल्या काही तासांतच निघून जाईल. पुलाचं खरं दुखणं नेमकं तेव्हा उघडं पडतं, जेव्हा बघायला खाली कोणी जाऊ शकत नाही. म्हणूनच नुसत्या डोळ्यांच्या पाहणीवर भागत नाही. पायाची खोली नकाशावरून माहीत हवी, पुराच्या काळात पात्र कुठवर खणलं जातं ते मोजायला हवं, आणि गरज असेल तर पाणबुडे खाली पाठवायला हवेत.

आता विश्वामित्रीकडे

हे सगळं आपल्या दाराशी आलेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री शहरात शिरली. काळा घोडा पुलाजवळची पाण्याची पातळी किती फूट झाली, हे तेव्हा घराघरात विचारलं जात होतं. मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. त्यानंतर २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम शहरानं हाती घेतलं. पूर कमी व्हावा ही इच्छा रास्तच आहे, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा.

पण आत्तापर्यंत वाचलेल्यांच्या मनात एक शंका यायला हवी. पात्र खोल करताना जुन्या पुलाच्या खांबाजवळची माती किती काढायची? जुन्या पुलाचा पाया त्याच्या काळच्या तळाच्या हिशोबानं घातलेला असतो. तळच खाली गेला तर पाया तितकाच उथळ होतो. उलट, गाळ आणि कचरा साचून कमानी अर्ध्या बुजल्या तर तेच पाणी उरलेल्या जागेतून जास्त वेगानं जातं आणि खांबाच्या पायथ्याशी जास्त उपसतं. म्हणजे गाळ काढला नाही तरी धोका, आणि बेतानं काढला नाही तरी धोका. यावर उपाय आहेत. खांबाभोवती मोठ्या दगडांची भर घालतात, पायाला बाहेरून काँक्रीटचं कडं करतात, तळावर फरसबंदी करतात. त्यासाठी आधी पाया किती खोल आहे हे माहीत असावं लागतं, इतकंच.

तुम्ही इंजिनिअर नाही, मीही नाही. तरी काही गोष्टी आपण सहज बघू शकतो. पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा तिथल्या जुन्या पुलाच्या वरून न जाता खाली उतरा. (विश्वामित्रीत नको! तिथे काठावर आधीच कोणीतरी पहुडलेलं असतं.) दरजांमधून पिंपळ किंवा उंबर उगवलाय का बघा. त्याची मुळं पाचरीसारखी दगड सुटे करतात, आणि नुसता शेंडा छाटून भागत नाही. कमानीच्या पोटात पांढरे ओघळ दिसतात का? म्हणजे वरून पाणी झिरपतंय आणि चुना धुऊन जातोय. कमानीची गोलाई कुठे चपटी वाटते का? एखादा दगड बाकीच्यांपेक्षा खाली आलाय का? खांबाच्या पायथ्याशी बांधकामाचा खालचा, कच्चा थर उघडा पडलाय का? पुलावर किती भाराला परवानगी आहे, याची पाटी आहे का? फोटो काढा, तारीख लिहा, ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम खात्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. दोन फोटोंमधला फरक इंजिनिअरलाही उपयोगी पडतो.

तेव्हा नाक्यावरच्या वाक्याचं काय करायचं? ते मी असं दुरुस्त करीन. आज जे तीनशे वर्षांचे पूल आपल्याला दिसतात ते टिकले म्हणून दिसतात. जे वाहून गेले ते कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. टिकलेल्यांत दगड होता, चुना होता, कमान होती, पण त्या सगळ्याच्या आधी पायाखाली खडक होता किंवा खोल विहीर होती, आणि मधल्या काळात कोणीतरी झाड उपटलं होतं, दरज भरली होती, निखळलेला दगड परत बसवला होता. या माणसांची नावं कुठल्याही शिलालेखात नाहीत. गंभीरा आणि महाड या दोन्ही ठिकाणी पूल बांधणाऱ्यांबद्दल आपण पुष्कळ बोललो. पूल सांभाळणाऱ्यांबद्दल बोलायला आता हरकत नाही, आणि त्यांची जागा रिकामी असेल तर तेही विचारायला हरकत नाही.